‘शक्ती’ : एका वाद्यवृंदाचे पुनर्मीलन

महाराष्ट्राचा जॅझशी परिचय झाला तो मुंबईच्या हॉटेलांतील नृत्यगृहांत. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचे वृंद वाजवू लागले, त्यांची शैली गोव्याहून आलेल्या वादकांनी आत्मसात केली, आणि त्यांच्यापैकी ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेल्या ट्रम्पेटवादकामार्फत ती पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’सारख्या (१९५१) चित्रपटसंगीतात उतरली. या व्यवहारात जॅझ हा मुख्यतः रंग भरण्यासाठी होता. रागाची बढत आणि तालाचे गणित त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने एकत्र आले ते पुढे, १९७०च्या दशकात, ‘शक्ती’ या वाद्यवृंदात.

अशा मेळाला फ्यूजन म्हणतात, म्हणजे जॅझमधील उत्स्फूर्त विस्ताराशी अन्य परंपरांचा केलेला संकर. या शैलीतील एक अग्रणी, इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचा १९७१ साली स्थापन झालेला ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ विजेच्या वाद्यांच्या प्रचंड आवाजासाठी ओळखला जाई. त्याच मॅकलॉफ्लिन यांनी माहीममध्ये वाढलेले तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर, घटमवादक टी. एच. विनायकराम आणि मृदंगमवादक रामनाड राघवन यांच्यासह ‘शक्ती’त विजेच्या वाद्यांवाचून वाजवायला आरंभ केला, याचे तेव्हाच्या श्रोत्यांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही. रागातील मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे, साध्या गिटारवर मर्यादितच साधते. म्हणून गिटार-कारागीर एब्राहम वेक्टर यांनी मॅकलॉफ्लिन यांच्यासाठी खास गिटार घडवली, जिच्यात मुख्य तारांखाली तिरप्या बसवलेल्या सात तरफांच्या, म्हणजे अनुनादाने झंकारणाऱ्या, तारा होत्या आणि तार अधिक खेचता यावी म्हणून पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते. फ्रान्समध्ये जन्मलेली पेटी गावोगावच्या भजनात पखवाजाशेजारी बसली खरी, पण मींड न काढताच बसली. येथे मात्र पाहुण्या वाद्याला आपले शरीर बदलावे लागले. आणखी एक जुळणी तितकीच अवघड होती, ती म्हणजे हिंदुस्थानी तबला आणि कर्नाटक घटम यांची, कारण दोहोंची तालपद्धती भिन्न आहे.

जुलै १९७५मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयात ध्वनिमुद्रित झालेल्या मैफलीतून वृंदाचा पहिला अल्बम १९७६ साली आला. ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ आणि ‘नॅचरल एलिमेंट्स’ (१९७७) या दोन अल्बमनंतर वृंद विखुरला. १९९७ साली ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा एकत्र आला, तेव्हा बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते; त्यानंतर मँडोलिनवर यू. श्रीनिवास आले, घटमवादक पित्याची जागा पुत्र सेल्वागणेश यांनी घेतली, आणि डिसेंबर २०००मधील मुंबईच्या मैफलींतून ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा अल्बम तयार झाला. त्यात चेंबूरचे शंकर महादेवन गायले. श्रीनिवास खळे यांच्यासारख्या मराठी भावसंगीताच्या रचनाकाराकडे शिकलेला गायक वृंदात येणे ही साधी भर नव्हती, कारण तोवर वाद्यप्रधान असलेल्या या संगीतात शब्द आणि कंठ आले.

वृंदाचे पुनर्मीलन म्हणजे जुनेच सदस्य जुनीच गाणी घेऊन येणे, असा पाश्चात्त्य रिवाज आहे. २०२३ साली आलेला ‘धिस मोमेंट’, जो मूळच्या ‘शक्ती’ या नावाने ४६ वर्षांनंतर निघालेला पहिला स्टुडिओ अल्बम ठरला, त्या रिवाजात बसत नाही: मूळ वादकांपैकी त्यात मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन हे दोघेच आहेत, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आहेत, आणि २०१४ साली निवर्तलेल्या यू. श्रीनिवास यांच्या स्मरणार्थ एक रचना आहे. तरीही त्याला ‘शक्ती’ म्हणण्यात अतिशयोक्ती नाही, कारण घराणे जसे पित्याकडून पुत्राकडे आणि गुरूकडून शिष्याकडे चालते, तसाच हा वृंद चालला. कोविडकाळात निरनिराळ्या शहरांतून ध्वनिमुद्रणे पाठवत घडलेल्या या अल्बममध्ये १९७५च्या मैफलीतील समोरासमोरच्या सवाल-जबाबाची धग थोडी उणी आहे; मात्र महादेवन यांचा आवाज ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. फेब्रुवारी २०२४मध्ये या अल्बमला सर्वोत्तम जागतिक संगीत अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीर हुसेन यांचे निधन झाले आणि मूळच्या पाचांपैकी ‘धिस मोमेंट’मध्ये वाजवलेले एकटे मॅकलॉफ्लिन मागे राहिले.