मोटारसायकलची सर्व्हिसिंग : कामे कोणती, खर्च किती आणि बिल कसे वाचावे

नवी दिल्ली : कुपनावर 'मोफत सर्व्हिस' असे ठळक छापलेले असताना हातात सहाशे-सातशे रुपयांचे बिल का पडले, हा प्रश्न नवी मोटारसायकल घेणाऱ्या बहुतेकांना पहिल्या दीड महिन्यातच पडतो. उत्तर साधे आहे, पण ते काउंटरवर क्वचितच सांगितले जाते. मोफत असते ती केवळ मजुरी. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, गॅस्केट, ग्रीस यांचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात. कंपनीनुसार अशा तीन ते पाच मोफत सर्व्हिस मिळतात. त्या संपल्या की मजुरीही बिलात येते आणि खरा गोंधळ तेथून सुरू होतो.

जगातील सर्वांत मोठ्या दुचाकी बाजारांपैकी एक असलेल्या भारतात मोटारसायकल ही अनेक घरांची एकमेव गाडी आहे, आणि लाखो जणांसाठी ती उपजीविकेचे साधनही आहे. तरीही सर्व्हिसिंग म्हणजे नेमकी कोणती कामे, याची यादी फार थोड्या ग्राहकांनी पाहिलेली असते. ती यादी प्रत्येक गाडीबरोबर मिळते. मालकाच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर देखभालीचा तक्ता असतो आणि कोणत्या किलोमीटरला काय तपासायचे, काय स्वच्छ करायचे व काय बदलायचे हे त्यात दिलेले असते. गॅरेजमधील कोणत्याही वादात हा तक्ता ग्राहकाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

वेळापत्रक किलोमीटरचे आणि दिवसांचेही

पहिली सर्व्हिस साधारणपणे 500 ते 1,000 किलोमीटर किंवा 30 ते 60 दिवसांच्या आत करायची असते. नव्या इंजिनातील भाग एकमेकांत बसताना धातूचे बारीक कण ऑइलमध्ये उतरतात. म्हणून ही सर्व्हिस टाळू नये. त्यानंतर लहान इंजिनाच्या गाड्यांना बहुधा दर 3,000 किलोमीटरला, तर मोठ्या इंजिनाच्या काही गाड्यांना 5,000 ते 10,000 किलोमीटरला सर्व्हिसची शिफारस असते. तक्त्यात किलोमीटर आणि कालावधी असे दोन्ही आकडे असतात आणि त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते ग्राह्य धरले जाते. रोज पाच किलोमीटर गाडी चालवणारा निवृत्त गृहस्थ वर्षाला जेमतेम 1,800 किलोमीटर पूर्ण करतो. किलोमीटर झाले नाहीत म्हणून त्याने सर्व्हिस टाळली, तर वॉरंटीचा दावा नाकारण्यास कंपनीला कारण मिळते. शिवाय उभ्या गाडीतील ऑइलही कालांतराने निकामी होते.

याउलट घरपोच सामान पोहोचवणाऱ्या तरुणाची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर धावते. महिन्याचे 26 दिवस धरले, तरी 2,600 किलोमीटर होतात, म्हणजे जवळजवळ दर महिन्याला एक सर्व्हिस. प्रत्येक वेळी हजार रुपये धरले, तर वर्षाला दहा हजारांच्या आसपास रक्कम केवळ नियमित देखभालीवर जाते. त्याच्यासाठी बिलातील दोनशे रुपयांची अनावश्यक ओळ म्हणजे काही तासांची कमाई होय.

प्रत्यक्षात काय केले जाते

सर्वसाधारण सर्व्हिसमध्ये धुलाई, इंजिन ऑइल तपासणे किंवा बदलणे, एअर फिल्टर व स्पार्क प्लग पाहणे, चेन स्वच्छ करून तिला ऑइल देणे व तिचा ताण जुळवणे, पुढील-मागील ब्रेक, क्लच व ॲक्सिलरेटर केबलचे समायोजन, बॅटरी, दिवे, हॉर्न, टायरमधील हवा, सैल नट-बोल्ट आवळणे आणि शेवटी चाचणी फेरी एवढी कामे येतात. ठरावीक अंतरानंतर टॅपेटची फट तपासली जाते. डिस्क ब्रेक असल्यास ब्रेक ऑइल आणि पाण्याने थंड होणारे इंजिन असल्यास कूलंट पाहिले जाते.

या सर्वांत इंजिन ऑइलला सर्वाधिक महत्त्व आहे आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याबाबतच आहेत. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. त्यामुळे मोटारीचे ऑइल त्यात घातल्यास क्लच घसरू शकतो. दुचाकीसाठी 'जासो एमए' किंवा 'एमए 2' असे चिन्ह असलेले ऑइल लागते, आणि 10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-50 यांसारखी श्रेणी पुस्तिकेत दिलेलीच असावी लागते. 'जाड ऑइल घातले की इंजिन चांगले राहते' हा गॅरेजमधला जुना समज आजच्या इंजिनांना लागू पडत नाही. 100 ते 125 सीसीच्या गाडीला साधारण 800 मिलिलिटर ते एक लिटर, 350 सीसीला दीड ते दोन लिटर आणि 650 सीसीच्या जुळ्या सिलिंडरच्या गाडीला तीन लिटरांहून अधिक ऑइल लागते. बिलात लहान गाडीसाठी दीड लिटर दिसले, तर थांबून विचारावे.

ऑइल प्रत्येक सर्व्हिसला बदललेच पाहिजे असेही नाही. काही लहान गाड्यांत दर 3,000 किलोमीटरला केवळ पातळी पाहून भर घालायची आणि 6,000 किलोमीटरला बदल करायचा, असे कंपनीचे वेळापत्रक असते. मात्र धुळीचा रस्ता, सततची गर्दी किंवा जड ओझे असेल, तर आधी बदलणे योग्य. ऑइलची पातळी कमी होऊनही गाडी चालवत राहिल्यास पिस्टन व सिलिंडर घासले जातात. मग मेकॅनिक ज्याला 'हाफ इंजिन' किंवा 'फुल इंजिन' म्हणतात ते काम निघते आणि चारशे रुपयांच्या ऑइलची बचत काही हजारांना पडते.

एअर फिल्टरबाबत एक सावधानता हवी. जुन्या गाड्यांतील फोमचे फिल्टर धुऊन पुन्हा बसवता येत. आजच्या अनेक गाड्यांत तेलकट थर दिलेला कागदी फिल्टर असतो. तो हवेच्या झोताने साफ करायचा नसतो. ठरलेल्या अंतराला तो बदलावा लागतो. राजस्थानातील वाळूच्या पट्ट्यात किंवा बांधकामे चाललेल्या उपनगरांत तो लवकर भरतो. कोकण, गोवा व केरळच्या किनाऱ्यावर क्षाराची हवा चेन, स्पोक आणि सायलेन्सरला गंज चढवते. तेथे चेनला दर पाचशे किलोमीटरला ऑइल देणे सर्व्हिसइतकेच आवश्यक आहे. चेन फार सैल असली तर उतरते, आणि फार ताणली तर बेअरिंग व स्प्रॉकेट खाते. बहुतेक लहान गाड्यांत तिचा मधला झोल 20 ते 30 मिलिमीटरच्या दरम्यान राखायचा असतो.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. म्हणून ते सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी बदलतात. 'डॉट 3' की 'डॉट 4' हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. जीवाशी संबंध असलेले हे काम सर्व्हिसमध्ये सर्वांत जास्त विसरले जाते, हे खेदाने नोंदवावे लागते. चकाकणारी टाकी ग्राहकाला लगेच दिसते, ब्रेकच्या नळीतील काळवंडलेले ऑइल दिसत नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 निकष लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. अशा गाडीच्या बिलात 'कार्बोरेटर सफाई' किंवा 'ट्यूनिंग' अशी ओळ आली, तर ते काम झालेले असणे शक्य नाही, कारण तो भागच गाडीत नाही. दुसरीकडे, बिलात दोन स्पार्क प्लग दिसले म्हणून लगेच फसवणूक समजू नये. बजाजच्या पल्सरच्या अनेक गाड्यांत एका सिलिंडरला दोन आणि एनएस 200 मध्ये तीन प्लग असतात.

खर्चाचा अंदाज

शहर, कंपनी व गाडीनुसार दर बदलतात. तरीही ढोबळ मर्यादा सांगता येतात. 100 ते 125 सीसीच्या गाडीची ऑइल बदलासह सर्वसाधारण सर्व्हिस अधिकृत केंद्रात साधारण 800 ते 1,500 रुपयांत व्हावी. त्यात ऑइल साडेतीनशे ते पाचशे आणि मजुरी तीनशे ते पाचशे असते. 150 ते 200 सीसीसाठी 1,200 ते 2,500 आणि 350 सीसीसाठी 2,000 ते 3,500 रुपये धरावेत. परवानगी असलेल्या चांगल्या स्थानिक गॅरेजमध्ये मजुरी कमी लागते. ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट संच, क्लच प्लेट, बॅटरी, टायर हा झिजेचा खर्च आहे. तो सर्व्हिसच्या रकमेत मोजू नये. लहान गाडीचा चेन-स्प्रॉकेट संच हजाराच्या आसपास जातो, पण तो दर सर्व्हिसला लागत नाही. विजेवरील दुचाकींत ऑइल, प्लग, फिल्टर नसल्याने बिल लहान असते. ब्रेक, टायर व बेअरिंगचे काम मात्र तेथेही चुकत नाही.

बिल फुगते ते बहुधा पर्यायी ओळींमुळे. इंजिन फ्लश, पेट्रोलमध्ये घालायचे मिश्रण, टेफ्लॉन कोटिंग, पॉलिश, गंजरोधक थर हे देखभालीच्या तक्त्यात सहसा नसतात. यांपैकी काही निरुपयोगी नाहीत. पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर गंजरोधक थर देणे समजण्यासारखे आहे. परंतु ते ग्राहकाने मागितलेले असावे, 'पॅकेज'मध्ये आपोआप आलेले नसावे. 'कन्झ्युमेबल्स' या एका शब्दाखाली ठोक रक्कम लावली असेल, तर त्यात काय वापरले हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

करआकारणीतील चूक अधिक सूक्ष्म असते. मजुरीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मोटारसायकलच्या सुट्या भागांवर पूर्वी 28 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तोही 18 टक्के झाला. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत मात्र सर्व कर आधीच धरलेले असतात. समजा, ऑइलच्या डब्यावर 472 रुपये छापले आहेत. बिलात त्याची मूळ किंमत 400 आणि कर 72 असा तपशील असला पाहिजे. मूळ किंमत म्हणून 472 लिहून वर पुन्हा 18 टक्के जोडले, तर रक्कम 556 रुपये 96 पैसे होते. म्हणजे 84 रुपये 96 पैसे बेकायदा घेतले जातात. डबा हातात घेऊन किंमत वाचणे हाच यावरचा उपाय. नोंदणी नसलेल्या लहान गॅरेजला कर आकारण्याचा अधिकारच नसतो, हेही लक्षात ठेवावे.

गाडी देताना आणि घेताना

गाडी देताना जॉब कार्डवर किलोमीटर, पेट्रोलची पातळी, तक्रारी आणि अंदाजित खर्च लिहून घ्यावा. 'आवाज येतो' असे न लिहिता 'तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला मागून खडखड येते' असे लिहिल्यास मेकॅनिकचे काम सोपे होते. अंदाजाबाहेरचे काम निघाल्यास आधी फोन करावा, अशी सूचना कार्डावरच नोंदवावी. बदललेले जुने भाग परत मागावेत. झिजलेला ब्रेक शू हातात आला म्हणजे बदल झाल्याची खात्री पटते. ऑइलचा सीलबंद डबा डोळ्यांसमोर उघडावा आणि रिकामा डबा कापून टाकावा, कारण नावाजलेल्या कंपन्यांच्या डब्यांत बनावट ऑइल भरून विकण्याचा धंदा जुनाच आहे. दिल्लीचे काश्मिरी गेट, पुण्याची नाना पेठ किंवा बेंगळुरूचा जे. सी. रोड अशा बाजारांतून भाग स्वतः आणणाऱ्यांनी पक्के बिल घेतल्याशिवाय खरेदी करू नये. प्रदूषण प्रमाणपत्र सर्व्हिसचा भाग नसते, ते स्वतंत्रपणे काढावे लागते.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास वॉरंटी संपते का, हा नेहमीचा प्रश्न आहे. वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्राच्या नोंदी नसतील, तर कंपन्या दावा नाकारतात आणि पुस्तिकेतील अटीही तशाच असतात. त्यामुळे त्या काळात अधिकृत केंद्रच सोयीचे. या अटी कितपत न्याय्य आहेत, हा वेगळा प्रश्न आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यावर पुढे अपिले झाली. तो आदेश चारचाकींपुरता होता, पण त्यातील युक्तिवाद दुचाकीस्वारांनाही परिचित वाटेल. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार आधी केंद्राच्या व्यवस्थापकाकडे आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाकडे लेखी करावी. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमण्याचीही सक्ती नाही. अर्जासोबत जॉब कार्ड, बिल आणि पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्याची प्रत जोडावी.