बुडालेल्या कांचेची साक्ष

फ्रान्समधील मार्कूल येथें १९७८ सालीं, अणुइंधनांतील किरणोत्सर्गी टाकाऊ द्रव्य कांचेंत वितळवून गोठविण्याचा कारखाना सुरू झाला. ही कांच भूगर्भांतील पाण्यांत किती विरघळेल याचें गणित गणकयंत्रावर मांडतां येतें. पण हजारों वर्षांचा पडताळा कोण देणार? तो दिला एका रोमन गलबतानें! एंबिए बेटाजवळ सुमारें १८०० वर्षें समुद्रतळीं पडलेले त्यांतील कांचेचे तडकलेले ठोकळे फ्रेंच शास्त्रज्ञांनीं तपासले. बाहेरील पृष्ठ बरेंच झिजलें होतें. आंतील अरुंद भेगांत मात्र झीज अल्प. तेथें पाणी कोंडतें, सिलिकेनें तृप्त होतें, विरघळणें मंदावतें. शिवाय चिकणमातीसारख्या थरांनीं भेगच बुजते. प्रयोगशाळेंतील अल्पकालीन मापनांवर रचलेलें गणित या झिजेशीं बव्हंशीं जुळलें. अर्थात् रोमन कांचेंत तसला किरणोत्सर्ग नव्हता, आणि ही उणीव लहान नव्हे.