मधल्या मुलखातील चिरक

पाखराच्या पाठीचा रंग हा काय व्याख्यानाचा विषय आहे, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य गिरणीच्या फाटकावर गेले. पक्षिशास्त्र आम्ही वाचनालयात बसून जमेल तेवढे वाचले. तरी हा विषय आम्ही हट्टाने घेतला, कारण त्यात नोंद, नाव आणि श्रम या तिन्हींचा हिशेब आहे.

चिरक आपणा सर्वांच्या पाहण्यातला आहे. माळावर, दगडी बांधावर तो वावरतो आणि पडक्या भिंतीच्या भोकात घरटे करतो. नर काळा, खांद्यावर पांढरा डाग, उभारलेल्या शेपटीखाली तांबूस रंग. १७६६ साली लिनीअसने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याआधी ब्रिसाँ या फ्रेंच पंडिताने हा पक्षी फिलिपाइन्सचा समजून वर्णिला होता. पुढे ती चूक सुधारून त्याचे मूळ ठिकाण पुदुच्चेरी ठरविण्यात आले. हजेरीपटात गाव चुकीचे पडले, म्हणजे ते दुरुस्त करता करता कामगाराची हयात जाते, हे आम्ही पाहिले आहे. पाखराची गतही निराळी नव्हती.

उत्तरेकडील नराची पाठ तपकिरी, दक्षिणेकडील नराची तुकतुकीत काळी. १७९० साली लॅथमने उत्तरेकडील पक्ष्याला खंबायतच्या नावावरून नाव दिले. मग या दोहोंमधला पक्षी कोणाचा? १९३२ साली ह्यू व्हिस्लर व नॉर्मन किनिअर यांनी मध्य भारतातील ही उपजात वेगळी मांडली. तिला आज ‘इंटरमीडियस’ म्हणतात, म्हणजे ‘मधला’.

अशी मांडणी एका पाखरावरून होत नाही. निरनिराळ्या ठिकाणची कातडी ओळीने मांडावी लागतात. पिसे उन्हाने विटतात, म्हणून शक्यतो एकाच ऋतूतली घ्यावी लागतात. पंख मोजावे लागतात. प्रत्येक कातड्याच्या पायाला चिठ्ठी हवी: ठिकाण, तारीख, नर की मादी. चिठ्ठीवाचून कातडे म्हणजे नुसती पिसे.

व्हिस्लर पंजाबच्या पोलीस खात्यात होते. किनिअर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत क्युरेटर होते. त्यांची विद्या आम्ही कमी लेखत नाही. त्याच सुमारास ते पूर्व घाटातील व्हर्ने पाहणीच्या संग्रहावर काम करीत होते. तो संग्रह जमविण्यासाठी रानात राबले मुंबईच्या संस्थेचे ला पर्सोन. उपजातीच्या नावापुढे तिला नाव देणाऱ्यांची आडनावे कायम लागतात. पाखरू आणणाऱ्याचे, सोलणाऱ्याचे, आत कापूस भरून टाके घालणाऱ्याचे नाव तिथे येत नाही. कापसाच्या जिल्ह्यातील माणसाला ही वहिवाट नवी वाटू नये.

आणखी एक गोष्ट. निसर्गाने कोठे सीमेचा दगड पुरलेला नाही. दक्षिणेकडे जावे तसतसा पाठीवरचा तपकिरी रंग हळूहळू कमी होत जातो. रेघ ओढतो माणूस, आणि म्हणून ती पुन्हा तपासता येते. अलीकडे जनुकांच्या अभ्यासावरून चिरकाला दयाळाच्या प्रजातीत घातले आहे. जुन्या पंडितांचा त्यात अपमान नाही. कातडी आणि चिठ्ठ्या नीट जपल्या गेल्या, म्हणून जुना निवाडा आजही पुन्हा तपासता येतो.

सध्या चिरकाच्या गाण्याचे दिवस आहेत. उद्या सकाळी बांधावर जाऊन इथल्या नराची पाठ निरखावी. आणि जे दिसेल ते तारीख घालून, गावाचे नाव घालून, वहीत लिहून ठेवावे. खाली आपले नावही लिहावे.