फाटकापाशी आलेला मोजणीदार

१८०० च्या सुमारास बनारसचे कोतवाल झुल्फिकार अली यांनी शहराची लोकसंख्या कंपनी सरकारला कळवली. आकडा होता पाच लाख ब्याऐंशी हजारांहून जास्त. १८२८-२९ मध्ये टांकसाळीतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी नव्याने मोजणी केली, तेव्हा माणसं भरली एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास. मधल्या तीस वर्षांत चार लाख लोक काशी सोडून गेले नव्हते. कोतवालीचा आकडा अंदाजावर उभा होता, आणि तो तसा असण्यात नवल काहीच नाही. त्या काळच्या बनारसमध्ये परक्या माणसाने उंबरठा ओलांडून घरात किती जण राहतात हे विचारणं सोपं नव्हतं.

मोहल्ल्याच्या तोंडाशी फाटक असे. रात्री ते बंद होई आणि राखणीला चौकीदार असे. त्याच्या पगारासाठी रहिवाशांकडून पट्टी घेतली जाई. ही व्यवस्था म्हणजे फाटकबंदी. फाटक रंगीलदास, फाटक शेख सलीम ही वस्त्यांची नावं अजूनही त्या काळाची साक्ष देतात. कोण आपला आणि कोण परका, हे चौकीदाराला तोंडपाठ. ओळखपत्राची गरजच नव्हती.

सरकारचा माणूस मात्र ओळखीचा असला तरी विश्वासाचा होईलच असं नाही. १८१० च्या १५ व्या रेग्युलेशनने कंपनीने घरपट्टी बसवली आणि घरांची मोजदाद सुरू झाली. डिसेंबरअखेर बनारस पेटलं, पण हत्यारांनी नव्हे. दुकानं बंद झाली, लोहारांनी भाते थंड केले, नावाड्यांनी होड्या बांधून ठेवल्या आणि हजारो लोक धरणं धरून बसले. प्रेतांचे संस्कारसुद्धा अडले, असं प्रभारी मॅजिस्ट्रेट बर्ड यांनी वर कळवलं. शेवटी सरकारला कर मागे घ्यावा लागला. हा सगळा पत्रव्यवहार इतिहाससंशोधक धरमपाल यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने पुढे आणला.

या प्रकरणाला वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा प्रिन्सेप माणसं मोजायला निघाले. त्यांच्या जमेची बाजू म्हणजे ते ना पोलिसांतले होते, ना करवसुलीतले. शिवाय शहराचा नकाशा त्यांनी आधीच तयार केला होता, त्यामुळे गल्ल्या त्यांच्या परिचयाच्या होत्या.

देशभर एकाच वेळी खानेसुमारी झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. पण मोजणीवरचा संशय त्यानंतरही संपला नाही. १९३१ च्या खानेसुमारीवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला आणि ११ जानेवारीचा रविवार त्यासाठी नेमला. मोजणारा खरा सरकारी माणूस आहे, याबद्दल तेव्हा कुणालाच शंका नव्हती; आक्षेपच मुळी तो होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने या नात्याला नियम घालून दिले. प्रगणकाला घरात येऊ द्यावं लागतं आणि दारावर क्रमांक रंगवू द्यावा लागतो. विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यात एक कलम मात्र जुन्या उंबरठ्याची आठवण ठेवून लिहिलेलं वाटतं: घरातल्या स्त्रीचं नाव सांगण्याची सक्ती कुणावर नाही, आणि रिवाजानुसार नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते घेण्याची सक्ती नाही. जाणूनबुजून अपमानकारक प्रश्न विचारणारा प्रगणक स्वतः शिक्षेला पात्र ठरतो. दिलेली माहिती गोपनीय असते आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही सहसा चालत नाही. १८१० मध्ये असं आश्वासन मिळालं असतं तर धरण्याला बसलेल्यांनी ते मानलं असतं का, हा प्रश्न उरतोच.

आजच्या वाराणसीत चौकीदाराची जागा ओळखपत्राने घेतली आहे. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ३६,७६,८४१ होती. २०२१ ची मोजणी कोविडमुळे लांबली. आता २०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ असं ठरलं आहे. प्रगणक बहुधा शाळेतले मास्तर किंवा सरकारी कर्मचारी. हातात कागदी तक्त्याऐवजी मोबाइल ॲप. कुटुंबाला स्वतःची माहिती आधी ऑनलाइन भरता येते. मग दाराशी आलेल्या प्रगणकाला फक्त मिळालेला क्रमांक दाखवायचा. 'सीके', 'डी', 'के' अशा अक्षरांनी सुरू होणारे घरनंबर शोधत तो गल्लीत फिरताना दिसला, तर ओळखपत्र मागण्यात काहीच गैर नाही. आणि बँक खातं, ओटीपी किंवा पैसे मागितले, तर तो जनगणनेचा माणूस नव्हेच. जनगणनेत असे प्रश्न नसतात.