नांगराची सही

गावच्या पाटलाला बहुधा लिहिता येत नसे, पण त्याच्या सहीवाचून गावचा कागद पुरा होत नसे. मोडीतला मजकूर कुलकर्णी लिही. पाटलाच्या नावाशेजारी बोरूच्या चार-दोन फटकाऱ्यांत एक नांगर उमटे: तिरकी हळस, उभे रुमणे, खाली फाळाचे टोक. दस्तऐवजी भाषेत ही ‘निशाणी नांगर’.

गोतसभेने वतनाचा तंटा तोडला की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. कागदाला कागद चिकटवून तो हातभर लांबे, कधी कितीतरी अधिक. त्यावर सारा गाव साक्षीला येई. शेट्याची तागडी, सुताराचे किंकरे, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा! पोट भरणारे हत्यारच माणसाची सही होते.

राजाचा थाट वेगळा. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा पत्राच्या माथ्यावर असे, मजकूर संपला की खाली ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. त्यापुढे कुणाला अक्षर वाढवता येऊ नये, हा हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द तिथूनच आला.

त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडात साध्या शेतकऱ्यांकडेही मेणावर उठवायचे धातूचे शिक्के होते. त्यांवर फूल, तारा, पक्षी आणि भोवती धन्याचे नाव. पहिल्या एडवर्डच्या काळात तर चौकशीला बसणाऱ्या भूदासानेही स्वतःचा शिक्का बाळगावा, असा कायदा झाला. आपल्या पाटलाला साचा लागला नाही, शाई पुरली.

नांगर मानाचाही होता. पाटीलकी भावांत वाटली गेली किंवा निम्मी विकली, की शिरपाव, पानविडा, होळीची पोळी यांच्या यादीत हेही नोंदत: आधी नांगर कुणी करावा, मागून कुणी. एका चित्राच्या जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चाले, कारण ती जागा म्हणजे घराण्याचे वडीलपण.

मग अंगठा आला. 1858 साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळहाताचा ठसा करारावर घेतला. पुढे कचेरीत अंगठा रुळला. अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो, त्याचा धंदा मात्र कळत नाही. महाराष्ट्रात नांगर काढणारी वंशपरंपरेची पाटीलकीही 1 जानेवारी 1963 पासून कायद्याने संपली.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, नातेपुते, वेळापूरकडे एखाद्या माळ्यावर कापडी रुमालात जुने मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा, किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात न्या. आधी मात्र उजेडात धरा आणि नावाशेजारी नांगर दिसतो का ते बघा.