आखातातला आपला रुपया आणि ट्रंकेतली लाल नोट

गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय. ‘एकेकाळी दुबई, कुवेत, कतारमध्ये आपला रुपया चालायचा, पुढाऱ्यांनी तो घालवला.’ खाली तिरंगा, त्याखाली शिव्या. पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. दुसऱ्या अर्ध्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या भागातला एक पोरगा ऑफिसात आला. मस्कतला नोकरी लागलीय, चार दिवसांत निघायचं होतं. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली दहा रुपयांची नोट त्यानं टेबलावर ठेवली. रंग लाल, नंबराआधी इंग्रजी ‘झेड’. म्हणाला, “सर, आजोबांना कुणी खोटी नोट दिली होती काय?”

नोट खरी होती. फक्त भारतात चालण्यासाठी छापलेली नव्हती.

कोकणातल्या कित्येक घरांचा आखाताशी संबंध तेल सापडायच्या आधीपासूनचा. आखातातली संस्थानं ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती आणि त्यांचा कारभार लंडनपेक्षा मुंबई-दिल्लीतून जास्त चाले. बहारीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, तिकडे तांदूळ आणि कापड इथून जाई. कुवेत-बहारीनची टपाल तिकिटंसुद्धा भारताचीच, वर फक्त त्या त्या जागेचं नाव छापलेलं. मग पैसाही आपलाच. म्हणजे तो रुपया काही आपण जिंकून तिथं नेला नव्हता. साम्राज्याच्या गाडीत बसून तो तिथं गेला होता. आपल्या माणसाला एक सोय मात्र मोठी होती. मुंबईला बोटीत चढायचं, बहारीनला उतरायचं, खिशातली नोट तीच. पैसे बदलायची भानगडच नाही.

१९४७ नंतर ही सोय महागात पडायला लागली. कारण सोनं.

भारतात सोन्याच्या आयातीवर बंधनं आली आणि इथला भाव बाहेरच्या भावापेक्षा बराच वर गेला. दुबईत सोनं विकत घेणं कायदेशीर होतं. दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतातून आपल्या किनाऱ्यावर उतरायची. पैसे रुपयांत चुकते व्हायचे आणि त्या नोटा गुपचूप परत आखातात जायच्या. तिथं रुपया अधिकृत चलन, त्यामुळे त्या सरळ बँकेत जमा. बँक त्या रिझर्व्ह बँकेकडे पाठवणार आणि बदल्यात पौंड मागणार. ते देणं भाग होतं. थोडक्यात, तस्करीच्या सोन्याचं बिल देशाच्या परकीय गंगाजळीतून भरलं जात होतं. आणि ती गंगाजळी तेव्हा झपाट्यानं आटत होती.

म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री. किंमत तीच, रंग वेगळा, नंबराआधी ‘झेड’. साध्या नोटा तिथं बंद, या नोटा इथं बंद. मुंबईहून बोटीनं जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंसाठीही त्याच वर्षी दहा आणि शंभरच्या वेगळ्या नोटा निघाल्या, त्यांवर ‘एचए’. पोराच्या ट्रंकेतली नोट ही त्या पहिल्या प्रकारातली.

पण तोवर आखातातही वारं फिरलं होतं. कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार काढला. एक दिनार म्हणजे एक पौंड, म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. हा विचित्र आकडा येतो कुठून? १९२७ पासून रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरलेला होता, त्या हिशेबानं पौंडाचे बरोबर तेवढेच होतात. बहारीननं १९६५ मध्ये दिनार आणला, तो दहा रुपयांना एक. दिनाराचे फिल्स हजार, म्हणून तिथल्या बोलण्यात शंभर फिल्सला अजून ‘रुबिया’ म्हणतात. नोट गेली, नाव राहिलं.

मग ६ जून १९६६. भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर. आखाती रुपयाची किंमत आपल्या रुपयाशी बांधलेली. म्हणजे हजार आखाती रुपयांचे आदल्या दिवशी २१० डॉलर होत होते, ते आता १३३. निर्णय दिल्लीत, आणि खिशाला भोक दोह्यातल्या माणसाच्या. कुठलं राज्य हे चालवून घेईल? कतार आणि दुबईनं आधी सौदी रियाल वापरला, मग त्याच वर्षी स्वतःचा सामाईक रियाल काढला. अबुधाबीनं बहारीनचा दिनार घेतला. ओमाननं तेवढा आखाती रुपया १९७० पर्यंत ठेवला.

तर रुपया ‘घालवला’ कुणी? तस्करांनी, आटलेल्या गंगाजळीनं, अवमूल्यनानं, आणि आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात नको असं वाटणाऱ्या नव्या राज्यांनी. एका माणसावर खापर फोडणं सोपं आहे, खरं नाही.

आज पुन्हा रुपया जगात चालवायची चर्चा आहे. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेश व्यापाराचा हिशेब रुपयात करायची वाट मोकळी केली, २०२३ मध्ये अमिरातीशी तसा करार झाला. चांगलंच आहे. पण आपली नोट परक्यानं घेतली, की ती उद्या बदलून द्यायची जबाबदारी आपली. तिची किंमत सांभाळायची जबाबदारीही आपलीच. मिरवायच्या आधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

त्या पोराला मी दुसरं सांगितलं. “ओमानमधल्या चिल्लरला बैसा म्हणतात. शब्द आपल्या पैशावरूनच गेलाय. पण शंभर बैसांचा रियाल होत नाही, हजारांचा होतो. शंभर बैसांची नोटसुद्धा असते, ती रियाल समजून घेऊ नकोस. आणि पैसे बदलताना नुसता बोर्डावरचा भाव बघू नकोस, सगळं कापून हातात किती पडणार ते आधी विचार.”

तो हसला. म्हणाला, “आजोबांना हे काही शिकावं लागलं नसेल.”

नसेल. पण ती नोट त्यांनी बदलून का घेतली नाही, विसरले की मुद्दाम ठेवली, हे सांगायला आज ते नाहीत.

तुमच्या घरातल्या जुन्या ट्रंका एकदा उघडून बघा. नंबराआधी ‘झेड’ किंवा ‘एचए’ असलेली नोट सापडली, तर खोटी म्हणून फाडू नका. ती कुणी आणली, कशी आणली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि विचारायला उशीर करू नका.