मज्जारज्जूची इजा

मज्जारज्जूची इजा : मणका मोडल्याने, सरकल्याने किंवा गोळी, सुरा आत घुसल्याने मज्जारज्जूला होणारी दुखापत. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही भारतातली मुख्य कारणे. झाडावरून, गच्चीवरून किंवा परांचीवरून पडलेली कर्ती माणसे यात बरीच असतात.

प्रौढाचा मज्जारज्जू सुमारे 45 सेंमी. लांब असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. इजा जितकी वर, तितके नुकसान जास्त. मानेतल्या इजेत हात-पाय दोन्ही लुळे पडतात. श्वासपटल मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या चेतांवर चालते. त्यांच्याही वर रज्जू तुटल्यास श्वास थांबतो. छातीचे मणके बरगड्यांच्या आधारामुळे सहसा मोडत नाहीत. ते मोडले असतील तर बरगड्या आणि फुप्फुसेही तपासावी लागतात. इजेच्या खालची संवेदना गेलेला रुग्ण पोटातली दुखापत सांगू शकत नाही, हा यातला खरा धोका.

पहिल्या आघातानंतर सूज येते, रक्तपुरवठा घटतो आणि नुकसान वाढत जाते. म्हणून जखमीला हातपाय धरून उचलून रिक्षात घालणे घातक ठरू शकते. मान, धड आणि कंबर एका रेषेत ठेवूनच त्याला हलवावे.

सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये मानेच्या अशा इजेचे अचूक वर्णन आहे. इलाज करू नये, असा निर्णयही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परिस्थिती फारशी बदलली नव्हती. रुग्ण दगावत ते बहुधा मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने आणि शय्याव्रणांनी. जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची काटेकोर निगा आणि रुग्णाला कामाला लावणे, एवढ्यावर त्यांनी माणसे जगवली. रुग्णाचे नातेवाईक ‘चालेल का?’ एवढेच विचारतात. आयुष्य किती, हे मात्र आजही बरेचसे मूत्राशय आणि कातडीच ठरवतात. तुटलेला रज्जू पुन्हा जोडणारा खात्रीचा उपचार अद्याप नाही. इजा अर्धवट असेल तर सुधारणेला वाव असतो.

29 जुलै 1948 रोजी गुटमन यांनी रुग्णालयात भरवलेल्या तिरंदाजीच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. जायबंदी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र आहे.

चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्य खांद्यांवर येते. खुर्ची ढकलणे, पलंगावर सरकणे, शरीर उचलणे ही सारी पायांची कामे खांदे करतात आणि काही वर्षांत तिथले स्नायुबंध झिजून दुखू लागतात. त्यामुळे खुर्चीची उंची आणि चाकांची जागा रुग्णाच्या मापाने बसवणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.